चिप आखायला शिकायचे, तर कोठे आणि कसे?

गावात एकदा गुरुजी झाले की ते जन्मभर गुरुजी राहतात. शाळा सोडून दहा वर्षे झालेला विद्यार्थीसुद्धा मोठा निर्णय घ्यायच्या वेळी त्यांच्या दारात येऊन उभा राहतो. पूर्वी तो विचारी, "डी.एड.ला जाऊ की कॉलेजात?" आता तो निराळाच प्रश्न घेऊन येतो. "गुरुजी, मी इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर झालो. चाकणच्या कारखान्यात नोकरी आहे. पण मला चिप डिझाइनमध्ये जायचंय. त्यासाठी पुन्हा दोन वर्षं शिकू का? कुठं शिकू? वडील म्हणतात, लागलं तर अर्धा एकर गहाण टाकू."

ह्या प्रश्नाला 'जा' किंवा 'जाऊ नकोस' एवढे उत्तर पुरत नाही. मुलाची उमेदीची दोन वर्षे आणि बापाची जमीन पणाला लागत असेल, तर सल्ला देणाऱ्याने निदान व्यवहार समजून घेतला पाहिजे. मी स्वतः अर्थशास्त्र शिकवतो, यंत्रशास्त्र नव्हे. परंतु पुण्यासारख्या शहरात राहून, ह्या वाटेने गेलेल्या आणि जाऊ पाहणाऱ्या मुलांशी बोलून जे ध्यानात आले ते, आणि त्याला माझ्या विषयातला थोडा हिशेब जोडून, आपल्यापुढे मांडतो.

आधी चिप म्हणजे काय ते पाहू. कालव्याच्या पाटावर लोखंडी दार असते. दार उचलले की पाणी शेतात जाते, टाकले की थांबते. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेच्या पाटावरचे असेच दार. फरक इतकाच, की हे दार पाटकरी उचलत नाही, दुसऱ्या पाटातली वीज उचलते. दार उघडे म्हणजे एक, बंद म्हणजे शून्य. अशी दारे एकमेकांना जोडत गेले की बेरीज करता येते, आकडे लक्षात ठेवता येतात आणि शेवटी संगणक तयार होतो. पाटबंधारे खाते जशी पाण्याची पाळी ठरवून देते, तशी ह्या दारांनाही पाळी असते. तिला क्लॉक म्हणतात. ही पाळी एका सेकंदात कोट्यवधी वेळा येते, आणि ती चुकली तर सगळा हिशेब चुकतो.

ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत लागला. १९५८-५९ मध्ये जॅक किल्बी आणि रॉबर्ट नॉईस यांनी, प्रत्येकाने आपापल्या वाटेने, अनेक ट्रान्झिस्टर एकाच तुकड्यावर घडवण्याची युक्ती काढली. तीच चिप. इंटेल कंपनीच्या १९७१ सालच्या ४००४ ह्या पहिल्या मायक्रोप्रोसेसरवर २,३०० ट्रान्झिस्टर होते. २०२० साली ॲपल कंपनीने काढलेल्या एम-१ चिपवर ते सोळाशे कोटी झाले. ह्या अतिविशाल एकत्रीकरणाला इंजिनिअर लोक व्हीएलएसआय म्हणतात. कॉलेजच्या माहितीपत्रकात आपल्याला हीच अक्षरे दिसतील.

आता एक महत्त्वाचा भेद. चिप आखणे हा एक धंदा आणि चिप घडवणे हा दुसरा. घराचा नकाशा काढणारा आणि घर बांधणारा गवंडी वेगळे असतात, तसेच इथे आहे. वर्तमानपत्रांत बातम्या येतात त्या बहुतेक कारखान्यांच्या. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये ह्या उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गुजरातेत साणंदला मायक्रॉनच्या कारखान्याचे काम २०२३ साली सुरू झाले, धोलेऱ्याला टाटांच्या कारखान्याची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली. पंजाबात मोहालीला सरकारी सेमीकंडक्टर लॅबोरेटरी त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. पुण्यात मात्र काम चालते ते मुख्यतः आखणीचे. एनव्हिडिया, मार्व्हेल यांसारख्या परदेशी कंपन्यांच्या आणि आखणीची साधने बनवणाऱ्या सिनॉप्सिसच्या कचेऱ्या ह्या शहरात आहेत. तिथे धुराडे नाही की भट्टी नाही. टेबल, संगणक आणि त्यांच्यापुढे बसलेली माणसे. आपल्या मुलाला जिथे जायचे आहे ते ठिकाण असे आहे.

मग ही माणसे दिवसभर करतात काय? पहिल्यांदा चिपने कोणते काम करावयाचे ते ठरते. पंपाच्या मोटारीवर देखरेख ठेवायची की मोबाइलमधला फोटो साठवायचा? मग ते काम व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएल नावाच्या भाषेत लिहून काढतात. हे लिखाण वरून संगणकाच्या प्रोग्रॅमसारखे दिसते. पण प्रोग्रॅम म्हणजे एकामागून एक पाळायच्या सूचना, आणि हे म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या शेकडो पाटांचे वर्णन. संगणकाचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलाला ही सवय मोडायला वेळ लागतो.

लिहिले की ते तपासावे लागते. ह्या कामाला व्हेरिफिकेशन म्हणतात. त्यानंतर त्या लिखाणाचे प्रत्यक्ष दारांच्या जाळ्यात रूपांतर होते, त्याला सिंथेसिस म्हणतात. मग ती दारे आणि त्यांना जोडणारे रस्ते नखाएवढ्या जागेत बसवायचे. ह्याला फिजिकल डिझाइन म्हणतात, आणि हे काम गावठाणाची आखणी करण्यासारखे आहे. दोन रस्ते एकाच पातळीवर एकमेकांना ओलांडू शकत नाहीत, म्हणून धातूच्या थरांवर थर देऊन पूल बांधावे लागतात. कोणत्याही रस्त्याला इतका वळसा पडता कामा नये, की वीज आपली पाळी चुकवील. शिवाय तयार झालेली चिप नीट आहे की नाही हे कारखान्यात झटपट कळावे, म्हणून तपासणीच्या वाटा आधीच आत ठेवाव्या लागतात. ते आणखी एक खाते. आणि ह्या सर्वांहून वेगळा असा ॲनालॉगचा विभाग असतो. तेथे एक आणि शून्य नसतात. मायक्रोफोनमधला आवाज, बॅटरीचा दाब, अँटेनावरची क्षीण लहर अशा चढत्या-उतरत्या गोष्टी हाताळाव्या लागतात.

नकाशा पुरा झाला की तो कारखान्याला पाठवतात. ह्याला टेप-आउट हा जुना शब्द आहे. पूर्वी नकाशा चुंबकीय टेपवर जाई, त्यावरून तो पडला. टेप-आउट झाल्यावर हातात काही राहत नाही. पेरणी झाल्यावर बियाणे बदलता येत नाही, तसेच. चिप हातात यायला दोन-तीन महिने, कधी त्याहून अधिक लागतात, आणि आधुनिक चिपचे नुसते छापे तयार करायलाही कोट्यवधी रुपये पडतात. एक चूक राहिली तर तेवढे पैसे आणि तेवढे महिने पुन्हा. म्हणूनच ह्या धंद्यात लिहिणाऱ्यांपेक्षा तपासणाऱ्यांची गरज जास्त असते, आणि नवशिक्यांना पुष्कळदा पहिले काम तपासणीचेच मिळते.

एवढे सांगण्याचे कारण असे, की 'मला चिप डिझाइनमध्ये जायचंय' हे वाक्य अपुरे आहे. त्यात निदान पाच-सहा वेगळे व्यवसाय दडलेले आहेत. मुलगा दारात आला की पहिला प्रश्न तोच विचारा, "यातलं कोणतं काम?" त्याला उत्तर देता आले नाही, तर संस्था निवडण्याची वेळ अजून आलेली नाही.

दुसरा प्रश्न असा, की त्यासाठी पदवीनंतर पुन्हा शिकावे का लागते? बी.ई.च्या चार वर्षांत इलेक्ट्रॉनिक्सचे इतके विषय असतात, की चिपच्या वाट्याला पुष्कळ कॉलेजांत एखाद-दुसरा पेपर येतो. आखणीची खरी साधने फार महाग असतात, आणि कारखान्याच्या घडणीचे नियम गुप्त ठेवलेले असतात. ते करार केल्याशिवाय मिळत नाहीत. घरी बसून भाषा शिकता येते, पण उद्योगात वापरली जाणारी साधने संस्थेच्या दाराबाहेर सहसा मिळत नाहीत.

ह्या बाबतीत एक उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पेंटियम ह्या प्रसिद्ध चिपशी ज्यांचे नाव जोडले जाते ते विनोद धाम १९५० साली पुण्यात जन्मले. फाळणीत रावळपिंडीहून निघालेले त्यांचे कुटुंब. दिल्लीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९७१ साली ते विद्युत अभियंते झाले आणि दिल्लीतच ट्रान्झिस्टर-डायोड बनवणाऱ्या एका कंपनीत लागले. तिथे काम करता करता ह्या पदार्थांचे विज्ञान आपल्याला खोलवर शिकले पाहिजे असे त्यांना वाटले, आणि १९७५ साली ते अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी गेले. पुढे ते इंटेलमध्ये गेले, आणि १९९३ साली पेंटियम बाजारात आली. तिच्यावर एकतीस लाख ट्रान्झिस्टर होते. आपण सगळ्यांनी धाम व्हावे असा ह्याचा अर्थ नाही. त्यांनी उचललेल्या पावलांचा क्रम मात्र पाहण्यासारखा आहे. आधी हाताने काम केले, आपल्याला काय येत नाही ते ओळखले, आणि तेवढ्यासाठी शाळा शोधली.

आता वाटा पाहू. पहिली वाट म्हणजे दोन वर्षांचे एम.टेक. किंवा एम.ई. तिच्या दाराशी गेट ही परीक्षा आहे. ती दरवर्षी फेब्रुवारीत होते. तीन तास, शंभर गुण, त्यांतले पंधरा सामान्य आकलनाचे, बाकीचे गणित आणि विषयाचे. एकदा मिळवलेला स्कोअर तीन वर्षे चालतो. म्हणजे नोकरी न सोडता परीक्षा देऊन पाहता येते, आणि एक वर्ष हुकले तर जग बुडत नाही. ही सोय खेड्यातल्या मुलाच्या फार फायद्याची आहे.

ह्या वाटेवर मुंबईची आय.आय.टी. आहे. तिथल्या विद्युत अभियांत्रिकी विभागात ह्या विषयाचे काम जुने आहे, आणि २०१९ साली तिथे आखलेला 'अजित' नावाचा मायक्रोप्रोसेसर पुढे आला. तिथे संशोधन-साहाय्यक म्हणून तीन वर्षांत एम.टेक. करण्याचीही वाट आहे. नागपूरला विश्वेश्वरय्या संस्थेत व्हीएलएसआयचे एम.टेक. आहे. पुण्यात शिवाजीनगरला, १८५४ साली सुरू झालेले आणि २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ झालेले आपले जुने इंजिनिअरिंग कॉलेज आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जोडलेल्या काही महाविद्यालयांत व्हीएलएसआय आणि एम्बेडेड सिस्टिम्स ह्या विषयात एम.ई. करता येते.

दुसरी वाट म्हणजे सहा महिन्यांचा पदविका अभ्यासक्रम. सी-डॅक ही सरकारी संस्था १९८८ साली पुण्यात स्थापन झाली. १९९१ साली 'परम' संगणक बनवला तीच ही संस्था. तिचा व्हीएलएसआय डिझाइनचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, आणि त्यासाठी सी-कॅट नावाची प्रवेशपरीक्षा असते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत वर्ग आणि प्रयोगशाळा, असा तो घट्ट बांधलेला अभ्यास असतो. तपासणी आणि व्हेरिलॉगच्या कामाकडे जावयाचे असेल त्याला ही वाट जवळची. ॲनालॉगसाठी मात्र सहा महिने अपुरे पडतात. त्या विद्येला जुने गुरू आणि लांब मुदत लागते.

तिसरी वाट नोकरी सांभाळून शिकण्याची. बिट्स पिलानी ही संस्था नोकरदारांसाठी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सचे एम.टेक. चालवते. ह्यात पगार बुडत नाही, पण दिवसभर कारखान्यात राबून रात्री अभ्यास करण्याचा दम पाहिजे. आणि आजची नोकरी ह्या विषयाच्या जवळपासची असेल तरच ह्या पदवीचा पुरता उपयोग होतो. चौथी वाट परदेशची. अमेरिका, जर्मनी, नेदरलँड्स, सिंगापूर येथे उत्तम शिक्षण आहे यात शंका नाही. परंतु तिथला खर्च, आणि शिक्षणानंतर तिथे राहून काम करू देण्याचे त्या त्या सरकारचे नियम, हे दोन्ही वर्षावर्षाला बदलतात. तिथेच नोकरी मिळेल आणि त्या पगारातून कर्ज फिटेल एवढ्याच भरवशावर घराचे तारण ठेवू नये.

पाचवी वाट खाजगी वर्गांची. पुण्यात आणि बंगळुरात असे वर्ग आहेत, आणि त्यांतले काही चांगले शिकवतात. पण 'शंभर टक्के नोकरीची हमी' अशी पाटी दिसली की तिथे दहा मिनिटे थांबून विचार करावा. नोकरी देणारा मालक वेगळा आणि हमी देणारा वेगळा. दुसऱ्याच्या विहिरीवरून पाण्याची हमी देणारा शेजारी आपल्याला चांगला ठाऊक असतो. हमीपत्र लेखी मागावे, त्यात पैसे परत मिळण्याची अट काय आहे ती वाचावी, आणि मगच पाकिटात हात घालावा.

वाट ठरली की संस्था तपासायची. बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो, नांगराला जुंपून पाहतो. दोन वर्षांची शाळा निवडताना मात्र इमारतीचा रंगीत फोटो पाहून पैसे भरतो. म्हणून हे पाच प्रश्न वहीत लिहून घ्या.

पहिला, ह्या संस्थेत आखणीची खरी साधने आहेत काय, आणि एका विद्यार्थ्याला ती आठवड्यातून किती तास मिळतात? २०२२ साली केंद्र सरकारने 'चिप्स टू स्टार्टअप' नावाचा कार्यक्रम सुरू केला. पाच वर्षांत ८५,००० अभियंते तयार करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. त्यात सामील झालेल्या संस्थांना सी-डॅकच्या बंगळूर केंद्रातून ही महागडी साधने वापरायला मिळतात. आपली संस्था त्यात आहे का, ते विचारावे.

दुसरा, इथल्या विद्यार्थ्यांची एखादी चिप प्रत्यक्ष घडून आली आहे काय? 'आम्हाला कुठले कोटी रुपये?' असे उत्तर मिळेल. पण त्यावर उपाय जुना आहे. आपल्याकडे दहा शेतकरी मिळून एक ट्रक करतात आणि सगळ्यांचा भाजीपाला मार्केट यार्डात नेतात. १९७९ साली अमेरिकेत लिन कॉनवे यांनी नेमके हेच केले. अनेक विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांचे छोटे छोटे नकाशे एकत्र करून सामाईक चकत्यांवर घडवून घेतले. आज आपल्या विद्यार्थ्यांनी आखलेल्या काही चिप मोहालीच्या प्रयोगशाळेत अशा घडल्या आहेत. तेथील पद्धत १८० नॅनोमीटरची, म्हणजे जगाच्या मानाने जुनी. तरी केसाच्या जाडीत अशा सुमारे पाचशे रेघा बसतील. शिकायला ती पुरेशी आहे. ज्याने एकदा आपला नकाशा घडवायला पाठवला आणि परत आलेली चिप टेबलावर तपासली, त्याची मुलाखत वेगळी होते.

तिसरा, शिकवणारे कोण? निदान दोन-तीन अध्यापकांनी ह्या विषयात स्वतः काम केलेले असावे. चौथा, दुसऱ्या वर्षीचा प्रबंध कोणत्या विषयावर असतो? गेल्या दोन-तीन वर्षांच्या प्रबंधांची नावे ग्रंथालयात मिळतात. तीच ती गणकयंत्रे आणि तेच ते ट्रॅफिक सिग्नल वर्षानुवर्षे फिरत असतील, तर समजावे की गिरणी रिकामीच फिरते आहे.

पाचवा प्रश्न सर्वांत मोलाचा. गेल्या वर्षी उत्तीर्ण झालेली मुले कोठे गेली, आणि कोणत्या कामावर? संस्था सांगेल, 'इतक्यांना नोकऱ्या लागल्या.' पण इलेक्ट्रॉनिक्सचा एम.टेक. होऊन संगणकाच्या सॉफ्टवेअर कंपनीत गेलेला मुलगाही त्या आकड्यात मोजलेला असतो. त्याचे वाईट झाले असे नाही, पण त्याला दोन वर्षे ज्यासाठी घालवायची होती ते साधले नाही. म्हणून कंपनीचे नाव आणि कामाचे नाव, दोन्ही विचारा. आणि हे कचेरीत विचारण्यापेक्षा दोन माजी विद्यार्थ्यांना विचारा. एक नोकरी लागलेला आणि एक न लागलेला. दुसरा जास्त शिकवून जाईल.

ह्याशिवाय पात्रतेची बारीक अक्षरे वाचणे आलेच. यंत्र किंवा स्थापत्य शाखेचा पदवीधर गेटला इलेक्ट्रॉनिक्सचा पेपर देऊ शकतो, पण म्हणून प्रत्येक संस्था त्याला व्हीएलएसआयला प्रवेश देईलच असे नाही. मूळ पदवी कोणती चालते ते प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. इलेक्ट्रॉनिक्सच्या एम.एस्सी. झालेल्यांना काही ठिकाणी दार उघडे असते, काही ठिकाणी नसते. परीक्षेच्या आधी ही चौकशी करावी.

आता माझ्या विषयाकडे येतो. हिशेब मांडताना आपण फी आणि वसतिगृहाचे भाडे धरतो, पण बुडालेला पगार धरायला विसरतो. समजा, मुलाला आज दरमहा २५,००० रुपये मिळतात. दोन वर्षांचे सहा लाख झाले. गेट उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ प्रवेश मिळाला, तर नियमांप्रमाणे दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळू शकते. चोवीस महिन्यांचे ते २,९७,६०० होतात. म्हणजे खरी तूट ३,०२,४०० रुपयांची. त्यात दोन वर्षांची फी एक लाख धरली तर चार लाखांच्या आसपास. नवीन कामात पगार दरमहा १५,००० रुपयांनी वाढला असे धरले, तर ही तूट सव्वादोन वर्षांत भरून येते.

आता दुसरी बाजू पाहा. गेट नाही, विद्यावेतन नाही आणि फी तीन लाख. मग सहा आणि तीन मिळून नऊ लाख. तीच पगारवाढ धरली तरी भरपाईला पाच वर्षे लागतील. त्यात कर्जावरचे व्याज मी धरलेले नाही, आणि जुन्या नोकरीत राहिला असता तर मिळाली असती ती वाढही धरलेली नाही. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. आपण आपले घाला, रीत तीच राहील. ह्या हिशेबावरून एक गोष्ट उघड होते. गेटच्या अभ्यासात घातलेले आठ-दहा महिने म्हणजे ह्या सबंध व्यवहारातली सर्वांत स्वस्त गुंतवणूक आहे.

धंद्याच्या चढउताराचाही विचार हवा. २०२१ साली चिप मिळेनात म्हणून देशातल्या मोटार कारखान्यांना उत्पादन कमी करावे लागले. सगळीकडे टंचाईची बोंब झाली. दोनच वर्षांनी, २०२३ मध्ये, स्मरणाच्या चिपचे भाव पडले आणि जगातल्या मोठ्या कंपन्यांनी माणसे कमी केली. कांद्याचा भाव पाहून लागवड करणाऱ्याची जी गत होते ती आपल्याला सांगायला नको. आज प्रवेश घेणारा मुलगा दोन वर्षांनी बाजारात उभा राहणार आहे. तेव्हाचा भाव आज कोणालाही ठाऊक नाही. म्हणून ज्याला ह्या कामाचीच गोडी आहे त्याने जावे. भाव पडला तरी त्याची विद्या वाया जात नाही, तो पुढच्या हंगामापर्यंत टिकून राहतो.

आणि गोडी आहे की नाही, हे एक पैही न घालवता तपासता येते. एन.पी.टी.ई.एल.वर आय.आय.टी.च्या अध्यापकांची ह्या विषयावरची व्याख्याने फुकट ऐकता येतात. इकारस व्हेरिलॉग नावाचे साधन मोफत आहे. मुंबई आय.आय.टी.च्या प्रकल्पातून तयार झालेले ई-सिम हे विद्युत मंडलांचे साधनही मोफत आहे. साधा संगणक पुरतो. सहा महिने, रोज तास-दीड तास, मुलाने एवढेच करावे. आधी चार अंकी मोजणी करणारे छोटे मंडल लिहावे. मग ते बरोबर आहे हे सिद्ध करणारी तपासणी लिहावी. मग मित्राला त्यात गुपचूप एक चूक घालायला सांगावी आणि ती शोधावी. पुढे हजार-दोन हजार रुपये जमले की एफपीजीएचा लहानसा बोर्ड घ्यावा. चिप म्हणजे शिलालेख, आणि एफपीजीए म्हणजे पाटी. लिहा, पुसा, पुन्हा लिहा.

चूक शोधताना रात्रीचे बारा वाजलेले ज्याला कळले नाहीत, त्याला निर्धास्तपणे पुढे पाठवा. आणि तिसऱ्याच दिवशी ज्याने कंटाळून मोबाइल हातात घेतला, त्याला दटावू नका. त्याची दोन वर्षे वाचली आणि बापाचे अर्धे एकर वाचले. त्याच्यासाठी चाकणच्या कारखान्यातच पुढे जाण्याच्या वाटा आहेत.

ही चाचणी मुलींनाही जरूर सुचवा. डोळ्यांत तेल घालून तपासण्याचे हे काम आहे. त्यात अंगबळाचा प्रश्नच येत नाही, आणि लिन कॉनवे यांचे नाव आपण आताच ऐकले. 'ती कशाला आणखी दोन वर्षं शिकते, आता लग्नाचं पाहा,' असे घरी म्हणणारे असतील, तर वरचा हिशेब त्यांच्यापुढेही मांडावा. रुपया मुलाचा आणि मुलीचा वेगळा नसतो.

तेव्हा शिक्षकबंधुभगिनींनो, तो विद्यार्थी दारात आला म्हणजे त्याला बसवून घ्या. कोणते काम करायचे आहे ते त्याच्याकडून वदवून घ्या. सहा महिन्यांची घरची चाचणी सांगा. नोकरी न सोडता गेट द्यायला लावा. पाच प्रश्न लिहून द्या आणि दोन माजी विद्यार्थ्यांची गाठ घेऊन यायला सांगा. शेवटी वडिलांना बोलावून, कागदावर बुडालेल्या पगारासकट हिशेब मांडा. एवढे करून तो पुन्हा आला आणि म्हणाला, "गुरुजी, जायचंच आहे," तर त्याच्या अर्जावर शिफारशीची सही करताना आपला हात थरथरणार नाही. जमिनीचा सातबारा मात्र तोवर कपाटातच राहू द्या.